फ्रान्सला चुना लावून आले

“चुनाच लावायचा तर एवढ्या लांब कशाला? आपली मागची भिंत काय वाईट आहे?”

मी बॅगेत पोलादी नाकाचे बूट कोंबत होते आणि सासूबाई दारात उभ्या होत्या. प्रश्न रास्त होता. साताऱ्यातल्या आमच्या घराची मागची भिंत दगड-चुन्याची, आजेसासऱ्यांच्या वेळची. दहा वर्षांपूर्वी आम्हीच तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हापासून आतून ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि दर दिवाळीला आम्ही रंगाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. पण त्या दिवशी मी सासूबाईंना नुसतं “आल्यावर बघते” म्हटलं. बुटांना जागा होत नव्हती.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि महिन्यातले दोन रविवार गटाबरोबर गडावर श्रमदानाला जाते. आमचं काम म्हणजे टाक्यांतला गाळ उपसणं, पायवाटेवरचा झाडोरा काढणं, प्लास्टिक गोळा करणं. तटाला हात लावायचा नाही. संरक्षित वास्तू असते, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक दगड इकडचा तिकडे करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण वर्षानुवर्षं तटाच्या दरजांतून पिंपळ वाढताना बघायचा आणि खाली कचरा वेचायचा, याचा कंटाळा आला होता. गडागडांवर चुन्याच्या घाण्या आहेत, तिथे आम्ही फोटोही काढतो. पण चुना मळून दरज कशी भरतात, हे गटातल्या चाळीस जणांपैकी एकालाही येत नव्हतं.

फ्रान्समध्ये हे शिकवतात, हे एका वास्तुविशारद मैत्रिणीकडून कळलं. तिथे १९६६ पासून ‘रांपार’ नावाचा स्थानिक संस्थांचा एक संघ आहे. रांपार म्हणजे तटबंदीच. त्याच्याशी जोडलेल्या संस्था उन्हाळ्यात पडक्या किल्ल्यांवर, चर्चवर, पाणचक्क्यांवर शिबिरं भरवतात. सकाळी सहा-सात तास काम, दुपारनंतर मोकळीक, राहणं-खाणं एकत्र, शिकवायला एक पक्का गवंडी. अनुभवाची अट नाही. मात्र जेवणाखाण्याचे दिवसाला काही युरो आपणच भरायचे. काम आपण करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हे घरी पटवायला मला एक अख्खा रविवार लागला.

अर्जात धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारलं होतं, बुटांचा प्रकार लिहिला होता, आणि ‘फ्रेंच किती येतं’ या रकान्यापुढे मी प्रामाणिकपणे ‘थोडं’ लिहिलं. ते थोडंही जरा जास्तच होतं. पंधरा दिवसांत निमंत्रणाचं पत्र आलं: जुलै २०२५, दोन आठवडे, गाव कूसी-ल-शातो-ओफ्रीक.

व्हिसाची कथा लांबवत नाही. तीस हजार युरोंचा प्रवास विमा, सहा महिन्यांचा बँकेचा उतारा, नव्वद युरो फी, बोटांचे ठसे. खिडकीतल्या मुलाने विचारलं, “मॅडम, वर्क आहे की टुरिझम?” मी म्हटलं, “श्रमदान.” तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. “असा ऑप्शन नाहीये.” पत्रात ‘बेनेव्होल’, म्हणजे बिनपगारी, असा शब्द होता. त्याचं भाषांतर जोडून आणा म्हणाले. दुसऱ्या खेपेला काम झालं.

६ जुलैला पोचले. त्या दिवशी आषाढी एकादशी. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवर राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि सोआसोंची गाडी पकडली. तास-सव्वा तासाचा प्रवास, मग शिबिराची खटारा व्हॅन. दोन्हीकडे गव्हाची आणि बिटाची सपाट शेतं. मग एका वळणावर समोर टेकाडाचं नाक पुढे आलेलं आणि त्याच्यावर गोल बुरुजांची रांग. पोटात काय झालं ते गडावर जाणाऱ्यांना सांगायला नको. भूगोल परका होता, पण जागा कुणी का निवडली असेल ते व्हॅनमधूनच कळत होतं: तीन बाजूंना उतार, चौथ्या बाजूला गाव आणि गावालाही तट.

गाव म्हणजे हजाराच्या आसपास वस्ती. वेशीसारखे तीन जुने दरवाजे, ज्या-त्या दिशेच्या शहराच्या नावाचे: लाँ, सोआसों, शोनी. घरं मात्र जुनी वाटत नाहीत, आणि ती नाहीतच. त्याचं कारण पहिल्याच संध्याकाळी कळलं.

आम्ही बारा जण होतो. चार-पाच फ्रेंच विद्यार्थी, दोघी स्पॅनिश, एक चेक जोडपं, एक कोरियन मुलगा, एक निवृत्त फ्रेंच पोस्टमन, आणि मी. आमची गवंडीण पन्नाशीची, हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. फ्रेंचमध्येही तू आणि तुम्ही वेगळे आहेत, पण कामावर सगळे एकमेकांना ‘तू’. मला ते शेवटपर्यंत जड गेलं. तोंडाने तिला ‘तू’ म्हणायचे आणि मनात ‘बाई’.

बाईंनी आधी आम्हाला किल्ला दाखवला. दाखवला म्हणजे, जिथे नाही तिथे नेऊन उभं केलं. समोर पांढऱ्या दगडांचा ढिगारा, त्यातून डोकावणारा गोल पाया. “हा दोंजों,” त्या म्हणाल्या. दोंजों म्हणजे बालेकिल्ल्याचा मुख्य बुरूज. तेराव्या शतकात तिसऱ्या आंगेराँने, कूसीच्या सरदाराने, तो उभा केला. उंची ५४ मीटर, व्यास ३१ मीटर, तळाशी भिंतीची जाडी सात मीटरांच्या वर. आपला विजापूरचा गोलघुमट ५१ मीटर आहे, म्हणजे त्याच्याहून उंच, आणि हा एका सरदाराचा. राजाचा लूव्र किल्ला पॅरिसमध्ये होता, त्याचा मुख्य बुरूज याच्यापुढे ठेंगणा. या घराण्याचं ब्रीदच होतं: मी राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही की काउंट नाही, मी कूसीचा धनी आहे. निवृत्त पोस्टमनने ते छाती काढून म्हणून दाखवलं. आपल्याकडेही असे धनी काही कमी झाले नाहीत.

पुढचं ऐकताना मात्र मला रायगड आठवत राहिला. १६५२ मध्ये सरदारांच्या बंडाळीच्या काळात राजाचा प्रधान माझारँ याच्या हुकमाने किल्ला निकामी केला गेला. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यातलीच ही जात. तरी दोंजों उभाच राहिला. १६९२ च्या भूकंपाने त्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला, तरीही उभा. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने त्याला लोखंडी पट्टे आवळले, पिंपाला आवळतात तसे. आणि मग मार्च १९१७. जर्मन सैन्य मागे, नव्या फळीकडे सरकत होतं. शत्रूला टेहळणीला उंच जागा मिळू नये म्हणून बुरूज पाडायचं ठरलं. बव्हेरियाचा युवराज रुप्रेष्ट स्वतः जर्मन सेनापती होता, त्याने किल्ला राहू द्या म्हटलं. सर्वोच्च मुख्यालयातल्या लुडेनडोर्फने ऐकलं नाही. २८ टन स्फोटकं लावली. गावही उद्ध्वस्त झालं, म्हणून घरं शंभर वर्षांचीच.

युद्धानंतर दोंजों पुन्हा बांधला नाही. ढिगारा तसाच ठेवला, लोकांनी बघावा म्हणून. बाईंनी एवढं सांगितलं आणि म्हणाल्या, “आपलं काम तिकडे,” आणि विरुद्ध दिशेला एका कमरेएवढ्या पडक्या भिंतीकडे बोट केलं. लांबी जेमतेम सात-आठ मीटर. बारा जण, दोन आठवडे. मला वाटलं, तीन दिवसांत संपेल.

रात्री जेवायला मारवाल चीजचा टार्ट होता. त्या चीजचा वास दारातूनच स्वागताला येतो. एकादशी आहे हे समजावण्याइतकं माझं फ्रेंच नव्हतं, म्हणून उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले आणि कुणीतरी माझ्यावर दया दाखवून आणखी बटाटे वाढले.

पहिले तीन दिवस आम्ही एक थापीही चुना लावला नाही. फक्त काढत होतो. दरजांतली आयव्हीची मुळं, माती, गोगलगायींचे शंख, मेलेला चुना. मेलेला म्हणजे बोटाने दाबला की पीठ होतो तो. दरज जेवढी रुंद, तिच्या दुपटीने तरी खोल उकरायची. मग ब्रश, मग पाणी. दगड काढला तर त्यावर खडूने आकडा घालायचा आणि फोटो काढायचा, म्हणजे तो होता तिथेच परत बसेल. कुठे किती करायचं हे बाईही ठरवत नव्हत्या. शासकीय वास्तुविशारदाने मान्य केलेला कागद होता, त्यात भिंतीचं चित्र आणि त्यावर रंगाच्या खुणा. रेघेच्या पलीकडे एक वीतही जायचं नाही. या बाबतीत मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

दगड मात्र परका. आपला काळा पाषाण छन्नीला दाद देत नाही, हा चुनखडीचा. खाणीतून ताजा निघाला की करवतीने कापता येतो, आणि त्याला गुळगुळीत करायला सुताराच्या रंध्यासारखं हत्यार असतं. त्याचं नाव ‘शेमँ द फेर’, म्हणजे चक्क रेल्वे. एका दगडात मला चपट्या गोल चकत्या दिसल्या, मुगाएवढ्या, काही त्याहून मोठ्या, एकमेकींवर रचल्यासारख्या. मला वाटलं कुणी नाणी चिणली आहेत. बाई हसल्या. इथले लोक या थराला ‘लियारचा दगड’ म्हणतात. लियार म्हणजे जुनं हलकं नाणं, आपल्या दमडीसारखं. खरं तर ते समुद्रातल्या बारक्या जिवांचे सांगाडे. चार-पाच कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. दमडीचा दगड, हे नाव मला फार आवडलं.

आणि त्याच भिंतीच्या टोकाला मला आमची मागची भिंत दिसली.

तिथे कुणीतरी विसाव्या शतकात सिमेंटने दरजा भरल्या होत्या. सिमेंट जसंच्या तसं, टणक, करडं. पण त्याच्या मधले दगड आत गेलेले, चार-चार बोटं. मधाच्या पोळ्याची घरं रिकामी व्हावीत आणि भिंती उराव्यात तसं. बाईंनी नखाने दगड खरवडला, पीठ पडलं. भिंतीत पाणी शिरतंच, खालून आणि वरून. चुन्याच्या दरजेतून ते परत बाहेर पडतं. सिमेंट त्याला वाट देत नाही, मग ते दगडातून वाट काढतं आणि जाताना क्षार मागे ठेवतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि दगड फोडतं. “दरज दगडापेक्षा मऊ हवी,” त्या म्हणाल्या. “झिजायचंच असेल तर तिने झिजावं. ती परत भरता येते.” मी तिथल्या तिथे रंगाऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण पाऊस आणि क्षार भरपूर आहेत.

चौथ्या दिवशी चुना मळायला घेतला. एक बादली चुना, तीन बादल्या वाळू. मापाने, वजनाने नाही. आधी कोरडंच कालवायचं, रंग एकसारखा होईतो. मग मधे आळं करून पाणी, थोडं थोडं. इथवर आपल्या कुठल्याही गवंड्याला नवं काही नाही. फक्त आपल्याकडे जुन्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालत, हे मी सांगितल्यावर कोरियन मुलाने ते वहीत लिहून घेतलं. मळल्यावर बाई मूठभर हातात घेऊन वळायच्या. लाडू झाला पाहिजे आणि उघडल्यावर तळहात ओला दिसता कामा नये. हे मात्र मला कुणी शिकवायला नको होतं. रव्याचे लाडू मी पंचवीस वर्षं वळते आहे.

तरीही चुकलेच.

जूनअखेरीपासून तिथे उष्णतेची लाट होती, ती नुकतीच ओसरली होती, पण दुपारचं ऊन अजून कडक होतं. चुना घमेल्यात भराभर घट्ट व्हायला लागला. दरज भरायची थापी अरुंद, लांबट, तिचं नाव ‘लांग द शा’, मांजरीची जीभ. त्या जिभेने घट्ट चुना खोलवर जाईना, मनगट भरून आलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि घमेल्यात अर्धा पेला पाणी ओतलं. काय सुरेख सरकला! तासाभरात माझी मीटरभर दरज भरून झाली, बाकीच्यांची हातभर. मनात म्हटलं, मराठी बाईचा हात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मीटरभर दरजांवर केसांएवढ्या भेगा होत्या. जास्तीचं पाणी उडून गेलं आणि चुना आकसला. शिवाय मी आतला थर बसू न देताच वरचा भरला होता, आणि मोठ्या पोकळीत दगडाच्या चिपा ठोकल्या नव्हत्या, नुसता चुना कोंबला होता. बाई ओरडल्या नाहीत. मांजरीची जीभ माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “काढ.” ते काढायला भरण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. एक कोपरा मला ठीक वाटला, तो मी ठेवला.

मग नीट शिकले. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी पुन्हा. दगड तहानलेला ठेवला तर तो चुन्यातलं पाणी ओढून घेतो. दोन बोटं थर, दाबायचा, चिप ठोकायची, थांबायचं. वरचा थर दगडाच्या कडेपासून किंचित बाहेर ठेवायचा. दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी अंगठा दाबून बघायचा, ठसा उमटला तर अजून वेळ आहे, उमटला नाही पण नख लागलं तर थापीच्या धारेने खरवडून दगडाच्या पातळीला आणायचं. मग वाळूचे कण उघडे पडतात आणि दरज जुन्या भिंतीच्या रंगाला जाते. शेवटी ओलं गोणपाट टाकायचं आणि दिवसातून तीनदा शिंपडायचं. हा शिंपडण्याचा भाग माझ्या वाट्याला आला. बाळंतिणीच्या खोलीत डोकावावं तसं मी रात्री झोपण्याआधीही एकदा जाऊन गोणपाट चाचपून यायचे.

११ जुलैला, शुक्रवारी, आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अचानक दोनशे मेसेज. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी, असे मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. निर्णय झाला पॅरिसमध्ये, माझ्यापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर. गटातल्या दादाने लिहिलं, “ताई, तुम्ही तिथेच आहात, पेढे वाटा.” पेढे कुठून आणू? बेकरीतून बदामाची बिस्किटं आणली आणि सगळ्यांना वाटली. कशाबद्दल, हे सांगायला फोनवरचे रायगड-राजगडाचे फोटो दाखवले. पोस्टमनने राजगडाची संजीवनी माची बोटांनी मोठी करून बघितली आणि विचारलं, “इथे पाणी कुठून?” खडकात खोदलेल्या टाक्यांचं सांगितलं. मग त्यांनी आणखी फोटो मागितले.

रविवारी सुट्टी. आम्ही लाँला गेलो, तेही असंच टेकडीवरचं गाव. तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यांत, उंच, खांबांच्या मधून दगडी बैल खाली बघतात. सोळा आहेत. ज्या बैलांनी टेकडीवर दगड ओढून आणला त्यांच्या आठवणीत कोरले, असं तिथे सांगतात. बाकीचे आत काचा बघायला गेले. मी खाली चौकात मान वर करून उभी. आठशे वर्षांपासून रोज पोळा चालू आहे तिथे.

पाळीपाळीने स्वयंपाक असायचा. माझ्या पाळीला मी सोआसोंचे प्रसिद्ध पांढरे शेंगदाणे, चुकले, पांढरे वाल आणले. आपल्या डबल बीसारखे, पण त्याहून टपोरे. रात्रभर भिजवून, घरून नेलेला गोडा मसाला घालून उसळ केली. खोबरं नव्हतं, चिंच नव्हती, लिंबावर भागवलं. पातेलं रिकामं झालं. मारवाल चीजचा मीही शेवटच्या आठवड्यात एक तुकडा खाल्ला. पुन्हा खाईन असं नाही.

शेवटच्या शुक्रवारी मोजलं तर सात मीटरांपैकी पाच झाले होते. उरलेले दोन पुढच्या शिबिरासाठी. कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, मलाच थोडं. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला, दोन ठिकाणी टकटक करून ऐकलं आणि मला ती मांजरीची जीभ देऊन टाकली. धार गेलेली होती, पण मूठ हाताला बसली होती.

घरी आल्यावर दसऱ्यानंतर, पाऊस सरल्यावर, मागच्या भिंतीचा एक चौरस फूट गिलावा छन्नीने काढला. खाली आजेसासऱ्यांचा चुना निघाला, पांढरा, ओला. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “एवढंच?” म्हटलं, आधी वाळू दे. अजून वाळते आहे.

फेब्रुवारीत बाईंनी फोटो पाठवला. हिवाळ्याची थंडी आणि हिमकण पचवून आमची पाच मीटर भिंत तशीच उभी, गोणपाट काढलेलं, दरजा दगडाच्या रंगाच्या. फक्त उजव्या बाजूला एका कोपऱ्यात तडा आहे. त्याच्याभोवती त्यांनी लाल गोल काढून पाठवला होता, खाली काही लिहिलं नव्हतं. तो कोपरा मी ओळखला. काढला नव्हता तोच.